मेहुण्याची शिंगं

हेवा करण्यासारखं ज्याच्याकडे काहीही नव्हतं, अशा माणसाचा हेवा करण्यात मी माझी कोलोरॅडोतली बहुतेक सगळी वर्षं घालवली. हा माणूस म्हणजे आमच्या हिचा मामेभाऊ, नात्यानं माझा मेहुणा. मूळचा नागपूरचा. डोंगरांमधल्या ज्या लहानशा गावात आम्ही राहत होतो, तिथल्या कॉलेजात तो भूगर्भशास्त्र शिकवायचा. तेही कायम नोकरीवर नाही. दर वर्षी त्याची नव्यानं नेमणूक व्हायची आणि दर वर्षी तो ती व्हायच्या आधीच गृहीत धरायचा. मी त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात कायम होतो. माझं घर होतं, गराज होतं, ग्रीन कार्डचं काम पुढे सरकत होतं. त्याच्या गाडीचं मागचं दार दोरीनं बांधलेलं असायचं, थंडीचा कोट एकच, आणि त्याच्या खिशात सदैव फॉइलमध्ये गुंडाळलेली साखर-पोळी. तरीही गावातल्या कुठल्याही दुकानात मी शिरलो की काउंटरमागचा माणूस माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायचा आणि विचारायचा, "आज तो नाही आला?"

त्याला वेड होतं गळलेल्या शिंगांचं. आपल्याकडच्या सांबरांसारखीच तिकडची हरणं आणि त्यांच्याहून थोराड असे एल्क दर वर्षी शिंगं टाकून देतात आणि मग नवी फुटतात. हिवाळा सरता सरता ही शिंगं गोळा करणं हा त्या खोऱ्यातल्या लोकांचा अर्धा छंद आणि अर्धा धंदा. त्यांची झुंबरं होतात, सुऱ्यांच्या मुठी होतात, काही तर कुत्र्यांना चघळायला देतात. माझा मेहुणा मात्र ती विकत नसे. तो ती घरी आणी आणि त्यांच्यात राहत असे. एका शिंगावर मोजे वाळत असत, दुसऱ्यावर चहाची गाळणी, तिसऱ्यावर वर्गात जातानाचा टाय. सोफ्यावर बसण्याआधी पाहुण्यानं हात फिरवून खात्री करून घ्यायची, असा त्या घराचा शिरस्ता होता. नागपूरला मामींची समजूत झाली होती की मुलगा शिकारी झाला. तो दर रविवारी फोनवर समजावून सांगे, "आई, मारलं नाही गं. त्यानंच टाकलं." त्यावर मामी विचारत, "त्यानं टाकलं, तं मग तू काहून उचलतोस?" बारसं असो, वास्तुशांत असो, की कुणी नोकरी सोडून जात असो, त्याच्याकडून शिंगच भेट यायचं. आम्हाला दिलेलं शिंग हिनं देवघराशेजारी भिंतीवर लावलं. भावानं दिलंय म्हटल्यावर त्याची जागा तिथंच, ह्यावर चर्चा झाली नाही. नमस्काराला वाकलं की ते माझ्या टाळूला टोचायचं. तिला कधीच टोचलं नाही.

चालताना त्याची नजर कायम जमिनीवर. एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तो दिव्याच्या खांबावर आदळला आणि मान वर न करता "सॉरी" म्हणून पुढे गेला. पण डोंगरउतारावर त्याची तीच नजर अशी काही चाले की मला त्याचा राग येई. एप्रिल महिन्यातल्या एका शनिवारी मी हट्टानं त्याच्याबरोबर गेलो. पायात नवे बूट, गळ्यात दुर्बीण, पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडात. सकाळभर मी एका उतारावर येरझाऱ्या घातल्या. शेवटी दमून उभा राहिलो तर हा खालून साखर-पोळी खात आला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊजी, काय शोधून राहिले?"

"तू जे शोधतोयस तेच."

"मग जरा बाजूला व्हा नं. तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

माझ्या उजव्या बुटाखाली, वाळक्या झुडपात, पाच टोकांचं सुरेख तपकिरी शिंग होतं. मला वाटलं होतं मुळी आहे. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. मीच घरी हिला सांगितली, आणि तिनं ती डेन्व्हरच्या गणपतीत सगळ्या महाराष्ट्र मंडळाला सांगितली. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. पुढच्या शनिवारी मी बूट चढवायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू स्टे होम. मामा विल फाइंड इट." मी घरी राहिलो आणि गराज झाडलं.

गावात त्याचा सगळ्यांत जवळचा मित्र डेल. डेल म्हातारा, दोन्ही गुडघ्यांनी अधू, शिंगांची झुंबरं बनवणारा आणि खोऱ्यातल्या सगळ्या शिंगवाल्यांचा न निवडलेला पुढारी. इंग्रजीत तो एका वेळी चारपेक्षा जास्त शब्द बोलत नसे. मेहुण्याशी मात्र तासन्‌तास बोले. मी कॉलेजात त्याच्या मुलीचा कॉम्प्युटर कितीदा दुरुस्त करून दिला, पण डेल मला अजून "हाय देअर, बडी" म्हणे, कारण नाव लक्षात नव्हतं. मेहुण्याचं अख्खं नाव, आडनावासकट, तो बिनचूक उच्चारे. ते कठीण आडनाव आमच्या कॉलेजच्या डीनलासुद्धा कधी जमलं नाही.

मग एका वर्षी फार बर्फ पडला. हरणांचे आणि एल्कचे कळप नेहमीपेक्षा लवकर खाली आले आणि रस्त्यालगतच्या उतारांवर, जिथे थोडं ऊन पडतं आणि झुडपांची टोकं बर्फाबाहेर राहतात, तिथं दाटीवाटीनं उभे राहिले. त्याच सुमाराला शिंगांना मागणी वाढली होती. बाहेरगावची माणसं बर्फावरच्या मोटारी घेऊन यायला लागली. शिंगं पडायची वाट कोण बघणार? ते कळपांच्या मागेच लागत. हिवाळ्याच्या अखेरीस ह्या जनावरांच्या अंगात जेवढी चरबी उरलेली असते, तेवढ्यावरच त्यांना वसंत गाठायचा असतो. पळवलं की ती संपते, आणि पोटात पिल्लं असलेल्या माद्या सगळ्यांत आधी जातात. राज्याच्या वन्यजीव खात्यानं म्हणून एक नियम मांडला: बर्फ उतरून कळप वर जाईपर्यंत, म्हणजे मेपर्यंत, शिंगं गोळा करायला बंदी. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या जिममध्ये सभा ठेवली.

शिंगवाले खवळले. यंत्रं घेऊन येतात बाहेरचे, आणि शिक्षा पायी चालणाऱ्या आपल्याला, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. आपल्या वतीनं चांगलं कोण बोलेल? सगळ्यांनी एकमतानं माझ्या मेहुण्याचं नाव घेतलं. डेल स्वतः त्याला सांगायला गेला. "यू टॉक फॉर अस," एवढंच म्हणाला. मेहुणा "येतो मी" म्हणाला.

सभेला मी गेलो, हिलाही नेलं. आता तो बोलणार, टाळ्या पडणार, उद्या परत दुकानदार माझ्या खांद्यावरून बघणार, ह्या तयारीनंच मी मागच्या रांगेत बसलो. तो उठला. टोपी काढून हातात धरली. त्याचं इंग्रजी वर्गात फार चांगलं असतं. त्या दिवशी मात्र शब्द शोधत होता.

तो म्हणाला, "मलाही वाटायचं की त्रास मशीनवाल्यांचाच आहे. मी पायी जातो, एकटा जातो, आवाज करत नाही. फेब्रुवारीत असाच गेलो होतो. वर उन्हाच्या पट्ट्यात कळप बसलेला. मला बघून उठले. पळाले नाहीत, नुसते उठले आणि वरच्या बाजूला, छातीएवढ्या बर्फात गेले. ते जिथं बसले होते तिथं मला शिंग मिळालं. यंदाचं सगळ्यांत मोठं. ते उचलताना माझा हात जमिनीला लागला. जमीन गरम होती."

जिममध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली.

"त्यांनी ती जागा अंगानं गरम केली होती, आणि मी त्यांना तिथून उठवलं. पुढच्या आठवड्यात त्याच उतारावर वर एक मादी मेलेली होती. ती माझ्यामुळेच मेली असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण बंदी घाला. माझ्यासकट सगळ्यांवर घाला."

टाळ्या पडल्या नाहीत. डेल उठला, काठी टेकत मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला आणि मागे दार ओढून घेतलं. त्याच्यामागे आणखी काही माणसं गेली. माझ्या शेजारी ही डोळे पुसत होती. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्यानं तिच्या डोळ्यांत असं पाणी आलेलं मला आठवेना, आणि त्या माणसावर सगळं गाव रुसलेलं असताना, त्याही क्षणी, मला त्याचा हेवाच वाटला.

नियम झाला. त्यानंतर नाश्त्याच्या हॉटेलात मेहुण्याच्या टेबलाशी कुणी बसेना. तो एकटा कॉफी प्यायचा, साखर-पोळी खायचा आणि टेबलावरच्या नक्षीत शिंगं शोधल्यासारखा बघत राहायचा. एकदा मी तिथं पैसे द्यायला उभा असताना गल्ल्यावरची बाई हसून म्हणाली, "तुमच्या घरातले तुम्ही चांगले निघालात." हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. ते आलं, आणि मला त्याचं काय करावं ते कळेना. मी माझी कॉफी उचलली आणि त्याच्या टेबलाशी जाऊन बसलो.

"काहून भाऊजी, ऑफिस नाही?" त्यानं विचारलं.

"आहे. जातो."

त्यानं पोळीचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला.

बंदीच्या त्या पहिल्या वसंतात दर रविवारी तो आम्हाला गाडीत घालून रस्त्याकडेला नेई आणि गाडीतूनच दुर्बिणीनं उतार दाखवी. शिंगं सरळ दिसत. मोह होण्याइतकी जवळ. "ते बघा, झुडपाच्या डावीकडे," तो म्हणे, आणि कौतुकानं बघत राही. माझी मुलगीसुद्धा मागच्या सीटवर अर्धा तास गप्प बसे. घरात सोफ्यावर बसायला जागा नाही इतकी शिंगं जमवलेला हा माणूस, आता एकही उचलायचं नाही ह्यात दुप्पट खूश होता. हे मला मुळीच झेपलं नाही. एखादी गोष्ट सोडून द्यावी लागल्यावर माणसानं थोडं तरी चिडचिडं व्हावं की नाही?

बंदी उठली त्या सकाळी डोंगराच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती. फाटक उघडताच तरुण मंडळी धावत सुटली. मेहुणा सगळ्यांत मागून चालला होता, आणि त्याच्याही मागून काठी टेकत डेल. मी आणि ही खालच्या रस्त्यावर उभे होतो. वर एका जागी मेहुणा थबकला. दुर्बिणीतून मला स्वच्छ दिसलं की त्याच्या पायाशी एल्कचं भलंमोठं शिंग पडलं आहे. तो वाकला नाही. आभाळाकडे बघत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला डोंगरावर मान वर करून बघताना पाहिलं. डेल हळूहळू जवळ आला, शिंगाकडे बघितलं, मग ह्याच्याकडे बघितलं. काय बोलले ते मला मेहुण्यानं नंतर सांगितलं. डेल म्हणाला, "यू गॉन ब्लाइंड?" आणि हा म्हणाला, "चष्मा बदलायला झालाय." डेलनं शिंगाला हात घातला, त्याला एकट्याला उचलवेना म्हणून दुसरं टोक ह्यानं धरलं, आणि दोघं ते पालखीसारखं घेऊन खाली आले.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजनं त्याची नेमणूक केली नाही. त्याला देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, हर्नडन गावी, नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी मिळाली. आता पगार माझ्यापेक्षा जास्त. त्याचं मला, आश्चर्य म्हणजे, काहीच वाटलं नाही. घर रिकामं करताना त्यानं सगळी शिंगं डेलला दिली. निरोपाला अर्धं गाव आलं होतं. मी दोरी सोडून गाडीत त्याच्या बॅगा भरल्या आणि दार परत बांधून दिलं.

तिकडून त्याचा फोन येतो. हर्नडनची हरणं फार माजली आहेत म्हणतो, शेजाऱ्यांची ट्युलिप्स खातात आणि हॉर्न दिला तरी हलत नाहीत. मामींनी आता लग्नाचा विषय काढलाय, तेही हसत हसत सांगतो. थंडी सुरू झाली की मात्र फोन उचलताच आधी एकच विचारतो, "भाऊजी, बर्फ किती?" पहिल्या वर्षी मी खिडकीतून बघून काहीतरी ठोकून देत असे. आता तसं होत नाही. रविवारी सकाळी मी गाडी काढतो, रस्त्याकडेला थांबतो, काच न उतरवता बसून बघतो. उन्हाच्या पट्ट्यात कळप बसलेला असतो, कानच तेवढे हलतात. इंजिन बंद करून थोडा वेळ बसलं की तेही माझ्याकडे बघायचं सोडून देतात. मग मी घरी येऊन त्याला फोन लावतो आणि सांगतो, "गुडघाभर आहे. बसलेत सगळे."

"उठवले नाहीत नं?" तो विचारतो.

"नाही," मी म्हणतो.