बिबियानाने नेत्तोली उचलली

करिंपाराच्या पुळणीवर देवाचा आवाज आणि बिबियानाचा आवाज चर्चच्या एकाच भोंग्यातून येतो. देवाचा ठरल्या वेळी, बिबियानाचा वाटेल तेव्हा. देवाचं ऐकून लोक निदान गुडघे तरी टेकतात. बिबियानाचं ऐकून सावलीत झोपलेला माणूस फार तर कूस बदलतो.

ही बाई कुजबुजायला जन्मलेली नाही, हे तिच्या सासूने, अलिश्शा अम्मच्चीने, लग्नाच्या दिवशीच ओळखलं होतं. वेदीपुढे बिबियाना "होय" म्हणाली ते चर्चच्या मागे चुलाणापाशी बसलेल्या आचाऱ्यापर्यंत पोचलं, आणि लग्न लागलं असं समजून त्याने तिथल्या तिथे भाताचं झाकण काढलं. पाहुणे वेदीकडून थेट पानावर. अम्मच्ची हे अजून सांगते, आणि कौतुकाने सांगते की कुरकुरत, ते तिचं तिलाच ठाऊक.

बिबियानाच्या हाती माईक आला तो मात्र योगायोगाने. तिच्या आधी हवामानाचा अंदाज चर्चचा सेवेकरी वाचायचा. भला माणूस, पण वाचायचा मृत्युपत्र वाचल्यासारखा. "लाटांची उंची एक पूर्णांक आठ दशांश मीटर." खाली पुळणीवर जाळी शिवणारे एकमेकांना विचारायचे, "आठ दशांश म्हणजे गुडघ्याच्या खाली की वर?" एकदा उपासाच्या दिवसांत त्याचा घसा बसला. फादर म्हणाले, "बिबियाना, आजच्या दिवस तू वाच." तिने कागद पाहिला, पदराने घाम पुसला आणि सांगून टाकलं, "आज लाट कमरेएवढी. काळ्या खडकापलीकडे छातीएवढी. दुपारनंतर दक्षिणेचा वारा उलटा फिरेल. ज्याचं आपल्या जाळ्यावर प्रेम आहे त्याने जेवणाच्या आत परत यावं. आणि सिल्वेस्टर, तुमचा डबा ओट्यावरच राहिलाय."

सिल्वेस्टर म्हणजे तिचा नवरा. त्या दिवशी सगळा किनारा हसला, पण जेवणाच्या आत सगळ्या होड्या परत आल्या. सेवेकऱ्याचा घसा पुढे सुटला, माईक मात्र पुन्हा त्याच्याकडे गेला नाही.

तरीही लोकांचा तिच्या इशाऱ्यांवर पुरता विश्वास बसला होता असं नाही. हवामानाचा इशारा सगळ्या किनाऱ्यासाठी असतो, त्यात आपल्याच गावावर ढग फुटेल अशी हमी कोण देणार? कधी खालच्या गावात वारा पत्रे उडवायचा आणि करिंपारात कप्प्याचं, म्हणजे शाबूकंदाचं, पानही हलायचं नाही. मग दिवसभर घरी बसलेले नाखवे चहाच्या टपरीवर तिची वाट अडवायचे. त्यात पहिला मार्सलिन. किनाऱ्यावरच्या सगळ्यांत मोठ्या होडीचा तांडेल, पत्त्यांत पक्का आणि जिभेने त्याहून पक्का. सिल्वेस्टर त्याच्याच होडीवर कामाला, त्यामुळे त्याला टोमणे मारायला जास्तच मोकळीक.

"काय बिबियाना, आज तुझ्या वादळाची बस चुकली वाटतं?"

"चुकली म्हणून तर विचारताय, चेट्टा. वेळेवर आली असती तर विचारायला उरला असतात का?"

अशी या चेट्टाची, म्हणजे थोरल्या दादाची, आणि तिची रोजची देवाणघेवाण. पण खरी गंमत दुसरीच होती, आणि ती बिबियाना सोडून सगळ्या गावाला माहीत होती.

बिबियाना नेत्तोली वाळवते. बारकी, बोटाएवढी, चांदीच्या तारेसारखी मासळी. तिच्या घराची जागा रस्त्याच्या वरच्या अंगाला, उंचावर. तिथे अंगणात जुनी जाळी पसरून ती मासळी घालते. ही तिची स्वतःची कमाई, नवऱ्याच्या होडीशी संबंध नसलेली. त्यामुळे त्या मासळीत तिचा जीव. पाऊस येणार असेल, वारा सुटणार असेल, तर बिबियाना आधी नेत्तोली टोपल्यांत भरते आणि मग माईककडे धावते. गावाने हे हेरलं होतं. भोंगा खरखरला की पुळणीवरची एकूण एक मान वर वळायची, भोंग्याकडे नाही, तिच्या अंगणाकडे. अंगण रिकामं दिसलं की होड्या वर ओढायच्या. अंगण चमकत असेल तर पुढचा डाव वाटायचा. बाई बोलायला काय, काहीही बोलेल, पण स्वतःची मासळी भिजू देणार नाही, असा साधा हिशोब. सिल्वेस्टरलाही हे ठाऊक होतं, पण घरात शांतता असावी असं वाटणाऱ्या माणसाला बऱ्याच गोष्टी ठाऊक असतात.

ईस्टर होऊन गेल्यावरची गोष्ट. भर दुपार. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत, आकाशात नावालाही ढग नाही, वारा तर जसा सुटीवर गेलेला. सकाळच्या फेरीच्या होड्या पाण्याला टेकून ओळीने लावलेल्या. त्यांच्या सावलीत निम्मं गाव आडवं. मार्सलिनच्या होडीच्या एका बाजूला पत्त्यांचा डाव, दुसऱ्या बाजूला अलिश्शा अम्मच्ची आणि तिच्या बरोबरीच्या म्हाताऱ्या, पाय पसरून जाळ्यातला कचरा वेचत आणि त्याच हाताने सुनांच्या खोड्या वेचत.

बिबियानाच्या फोनवर हवामान कचेरीचा इशारा आला. कळ्ळक्कडल. म्हणजे चोरसमुद्र. कुठेतरी दूर, दक्षिणेच्या टोकाशी, वादळ होऊन गेलेलं असतं. तिथली लाट पाण्याखालून चालत येते आणि कोरड्या, उन्हाच्या दिवशी दारात उभी राहते. गडगडाट नाही, वारा नाही, चोरासारखी. इशाऱ्यात लिहिलं होतं, आज दुपारनंतर. होड्या वर घ्याव्यात, पुळणीवर कुणी थांबू नये.

बिबियानाने अंगणाकडे पाहिलं. पाऊस नाही, वारा नाही, ऊन कडक. घर उंचावर, लाट तिथवर यायची नाही. नेत्तोली अजून अर्धी कच्ची, संध्याकाळपर्यंत खडखडीत होईल. त्या मोसमातला सगळ्यात चांगला माल होता तो. आत्ता टोपलीत कोंबला तर उबेल आणि नासेल. राहू दे, म्हणत ती चपला न घालताच चर्चकडे पळाली.

"ऐका! कळ्ळक्कडल येतोय! होड्या रस्त्याच्या वर घ्या! सावलीतले सगळे उठा! लाट डोक्याच्या वर असेल, डोक्याच्या!"

भोंग्याजवळच्या खिडकीतून तिला पुळण दिसत होती. सगळ्यांनी माना वर केल्या. तिला बरं वाटलं. मग सगळ्यांनी माना परत खाली घातल्या. मार्सलिनने पत्ते वाटायला घेतले.

तिने पुन्हा सांगितलं. यावेळी नावं घेऊन सांगितलं. "मार्सलिन चेट्टा, ऐकू येतंय ना? अम्मच्ची, उठा तिथून!" अम्मच्चीने हात वर करून आशीर्वाद दिल्यासारखं काहीतरी केलं आणि पुढचा कचरा वेचायला घेतला.

माईक तसाच चालू टाकून बिबियाना खाली पुळणीवर आली. वाळू तापलेली, पाय पोळत होते.

"अम्मच्ची, उठा म्हणते ना!"

"अगं, आत्ता बसले. आणि समुद्र बघ, दूध प्यायलेल्या मांजरासारखा पडलाय."

"चोरसमुद्र आहे तो, आधी सांगून येत नाही! चेट्टा, होडी वर घ्या. पाया पडते."

मार्सलिनने पान टाकलं, पुढच्याची फजिती बघून घेतली आणि मग सावकाश म्हणाला, "बिबियाना, खरं सांग. एवढं संकट आहे, तर तुझी नेत्तोली वर ऊन खात कशी बसलीय?"

बिबियानाला आधी कळलंच नाही. "काय म्हणालात?"

"मासळी, मासळी. मासळी उचललीस की आम्ही होडी उचलतो. इतकी वर्षं आमचं असंच चालतं. विचार सिल्वेस्टरला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. सिल्वेस्टर होडीचा दोर किती जुना झालाय हे फार बारकाईने बघत होता.

"म्हणजे," बिबियाना म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज हळू झाला, "मी घसा फोडते, आणि तुम्ही माझी मासळी बघता?"

"मासळी खोटं बोलत नाही," पत्ते खेळणाऱ्यांतला एक जण म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले.

"अहो, मासळीला पावसाची भीती! लाटेची कसली? ती वर रस्त्याच्या पलीकडे आहे, तुम्ही खाली पाण्यात आहात!"

हे तिने समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. माणसांनी मान डोलावली, आणि जिथे होती तिथेच राहिली. खरं तर चूक त्यांचीही नव्हती. इतकी वर्षं जी खूण बिनचूक ठरली, ती एका दुपारी कोण सोडून देईल?

बिबियानाने समुद्राकडे पाहिलं. काळ्या खडकाजवळचं पाणी थोडं मागे सरकलं होतं. एरवी न दिसणारं शेवाळ दिसत होतं. सासू होडीच्या सावलीत पाय पसरून बसलेली. नवरा दोराशी. आणि वर, रस्त्याच्या पलीकडे, उन्हात चमचमणारी तिची नेत्तोली.

ती धावत सुटली. रस्ता ओलांडून अंगणात शिरली, जाळ्याची दोन टोकं धरली आणि सगळी मासळी एका ढिगात उलटी केली. कच्ची, पक्की, वाळू, सगळं एकत्र. टोपल्या पुरेनात तेव्हा साडीच्या ओच्यात भरली. ओचाही पुरेना तेव्हा उरलेली दोन्ही हातांनी भिंतीपलीकडे फेकायला लागली. कावळ्यांनी त्या दिवशी ईस्टर दुसऱ्यांदा साजरा केला.

खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, बिबियानाने नेत्तोली उचलली!"

आणि जी पळापळ झाली! ज्या मार्सलिनला चर्चच्या घंटेने कधी हलवलं नाही तो पत्ते हवेत उडवून उभा राहिला. "एलेला, ऐलसा!" होडीला खांदे लागले. पुरुष, बायका, जाळी, इंजिनं, वल्ही, चहाची टपरीसुद्धा दोन चाकांवर वर निघाली. अलिश्शा अम्मच्चीला सिल्वेस्टरने उचलून खांद्यावर टाकलं. ती त्याच्या पाठीवर गुद्दे मारत म्हणत होती, "माझं जाळं! आधी माझं जाळं घे, गाढवा, मी काय, उद्या-परवा मरणारच आहे!" त्याने दोन्ही आणलं.

शेवटची होडी रस्त्याला लागली आणि समुद्र वर आला. मोठा आवाज नाही. पाणी नुसतं वाढत गेलं, पुळण गिळली, नारळांच्या मुळाशी पोचलं, होड्यांच्या खुणा, पत्ते, एक विसरलेली सपात आणि टपरीचं बाकडं उचलून घेऊन गेलं. मग आणखी एक लाट, त्याहून मोठी, रस्त्यावर फेस सांडून परत फिरली. जिथे मघाशी म्हाताऱ्या बसल्या होत्या तिथे वाळूच उरली नव्हती, नुसता खड्डा. सगळा गाव रस्त्यावर उभा राहून बघत होता, आणि बराच वेळ कुणाच्याच तोंडून टोमणा निघाला नाही. हे करिंपाराच्या इतिहासात फार क्वचित घडतं.

मग मार्सलिन बिबियानाच्या अंगणात आला. तिच्या साडीला खवले चिकटलेले, टोपल्यांतून कुबट वास यायला लागलेला. तो उभा राहिला. डोक्याला गुंडाळलेला पंचा सोडला, परत गुंडाळला. आभार मानायची सवय नसलेल्या माणसाची जी तारांबळ होते ती सगळी झाली.

"बिबियाना, माल गेला ना?"

"गेला."

"सगळा?"

"कावळ्यांना विचारा."

तो गेला. दुसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला आणि होड्या बाहेर पडल्या. परतल्यावर प्रत्येक होडीवाल्याच्या घरची बाई वर आली, ओंजळ ओंजळ ताजी नेत्तोली तिच्या जाळ्यावर टाकून अंगणातच थांबली. मार्सलिन स्वतः टोपली घेऊन आला. "आभार" हा शब्द कुणीच उच्चारला नाही. बिबियानाला तो नकोच होता. ती पसरवत गेली, पसरवत गेली, जाळं अपुरं पडलं तेव्हा सासूच्या खाटेवरची चादर ओढून घेतली.

पण मग ती एकदम थांबली. "अहो, आपण सगळे वाचलो ते काय माझ्यामुळे? मला कुणी सांगितलं ते तरी बघा." इशाऱ्याखाली हवामान कचेरीचा नंबर होता. तिने लावला. अंगणात जमलेलं निम्मं गाव कान देऊन उभं.

पलीकडे एका मुलीचा दमलेला आवाज. "बोला. काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही, मोळे, पोरी. करिंपाराहून बोलतेय. तुमची लाट आली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग घाईघाईने, "कुणाला काही झालं का?"

"कुणाला काही नाही. तेच सांगायला फोन केला. सगळे आहेत. माझी सासूसुद्धा आहे."

"म्हणजे... काही तक्रार नाही?"

"नाही, बाळे, आभार मानायचेत. किती ओरडून सांगू?"

"नको, नको, नीट ऐकू येतंय," ती मुलगी म्हणाली, आणि मग बारीक आवाजात, "असा फोन कधी येत नाही हो, चेची. लोक फोन करतात ते लाट आली नाही म्हणून."

मार्सलिनने घसा साफ केला आणि नजर चोरून दुसरीकडे पाहिलं. तोवर अलिश्शा अम्मच्चीने फोन सुनेच्या हातातून हिसकावला होता. फोनवर बोलायला ओरडावं लागतं असं तिचं ठाम मत, त्यामुळे ते शब्द रस्त्यापर्यंत ऐकू गेले.

"मोळे, तू जेवलीस का?"

"नाही, अम्मच्ची. अजून ड्युटी आहे."

"मग संपल्यावर इकडे ये. कप्पा उकडलाय, मासळीचं कालवण आहे. आणि घरून डबा आणू नकोस, मेले!"