पाठक मॅडम टीईटीला बसल्या तेव्हा

नियम मुंबईत तयार होतात आणि गोष्टी आमच्या गावात. वरून एक नियम सुटला की शाळेच्या ओट्यावर पोचेपर्यंत त्याच्या चार गोष्टी झालेल्या असतात. कुणाला सांगितल्या की म्हणतात, "आबाजी, लिहून काढा." मी चौथी शिकलेला माणूस. माझ्या लिहिण्याला नावं ठेवायची असतील तर इथंच थांबा, मी काही बोलवायला आलो नव्हतो.

शाळा जिल्हा परिषदेची, वलगावच्या पुढं, आमच्या घराला भिंत लागून. पहिली ते चौथी. शिक्षक दोनच. वानखडे सर हेडमास्तर, मोठे वर्ग त्यांच्याकडे. पाठक मॅडम अमरावतीहून स्कूटीवर येतात, पहिली-दुसरी त्यांच्याकडे. गावातल्या अर्ध्या बापांना त्यांनीच 'अ' काढायला शिकवला, आता त्यांच्या पोट्ट्यांना शिकवतात. आणि मध्यंतरी या मॅडमचीच नोकरी राहते की जाते अशी पाळी आली! मी सांगतो त्या गोष्टी सगळ्या त्याच्या आगंमागंच्या.

*

पहिलं माझं सांगतो, नाहीतर विचाराल हा बुढा कोण.

प्राथमिक शाळेत शिपायाचं पद नसतं. मंजूरच नाही. मग कुलूप कोण उघडणार, घंटा कोण देणार? नियमात त्याचं उत्तर नाही. बायको गेली तेव्हापासून मला सकाळी काही काम उरलं नव्हतं, तेव्हापासून मीच उघडतो.

एकदा तपासणीला एक नवीन साहेब आले. मी घंटा दिली. साहेबांनी विचारलं, "हे कोणत्या पदावर आहेत?"

वानखडे सर म्हणाले, "पदावर नाहीत साहेब, ओट्यावर आहेत."

"मग घंटा वाजवायचा अधिकार यांना कुणी दिला?"

मी हातोडी पुढं केली. म्हटलं, "घ्या. तुमी वाजवा, मी बसतो."

साहेबही हट्टी! मधली सुट्टी संपल्याची घंटा त्यांनी स्वतः दिली. कशी दिली देव जाणे, सगळी पोट्टी दप्तरं उचलून घरी पळाली! साहेबांनी दुपारभर रिकाम्या बाकांची तपासणी केली.

*

शाळेत किती शिक्षक ठेवायचे ते पोट्टी मोजून ठरतं. पोट्टी कमी झाली की एक शिक्षक 'अतिरिक्त'. अतिरिक्त म्हणजे उरलेला. भाकरीसारखा. मग त्याला उचलून दुसऱ्या शाळेत वाढतात.

एका जूनमध्ये नेमकं एक पोट्टं कमी पडत होतं. मॅडम उन्हातान्हात घरोघर फिरल्या. सगळ्यांना कॉन्व्हेंटची पिवळी गाडी पाहिजे. माझ्या घरीही तेच! माझा नातू त्या गाडीत जाणार असं माझ्या पोरानं ठरवलं होतं. मॅडम आमच्या दारात आल्या, पाणी प्यायल्या आणि काहीच न बोलता गेल्या. त्या बोलल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो.

मी पोराला सांगितलं, "तुह्या पोट्ट्याले अथी घालतं का मी जाऊ नाव घालाले?"

तो म्हणे, "जा."

गेलो! वानखडे सरांना म्हटलं, "लिवा माह्यं नाव पहिलीत."

सर म्हणाले, "आबाजी, जमत नाही. तुमी याच शाळेतून चौथी पास हाये. पास झालेल्याले परत घेता येत नाही."

मी म्हटलं, "मंग मले तवाच नापास कावून नाही केलं?"

पोरगा मागं उभा राहून ऐकत होता. हसला आणि नातवाचं नाव सांगितलं.

*

पण त्याच्याही आधी एकदा मॅडम अतिरिक्त झाल्याच होत्या. ऑर्डर आली मेळघाटातली, चिखलदऱ्याच्याही पलीकडचं गाव. मॅडम रडल्या नाहीत. वळकटी बांधली आणि गेल्या.

परतवाड्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं कॅन्टीनमध्ये एक मास्तर समोर येऊन बसले. त्यांच्याकडेही वळकटी. बोलता बोलता कळलं, ते त्याच गावाहून अतिरिक्त होऊन आमच्या गावाला निघाले होते! याला तिकडं पाठवा, तिला इकडं. हिशेब बरोबर.

दुसरं कोणी असतं तर साहेबाला शिव्या घातल्या असत्या. या दोघांनी काय केलं? चहा मागवला. मॅडम म्हणाल्या, "दुसरीतला तुषार बोलत नाही, पण गाणं म्हटलं की म्हणतो. त्याला आधी गाणं म्हणायला लावा." मास्तर म्हणाले, "आमच्या तिथं फुलवंती म्हणून एक आहे, ती दाराशीच बसते. तिला आत बोलावू नका, तुम्हीच दाराशी जाऊन बसा."

बोलण्याच्या नादात दोघांच्याही गाड्या चुकल्या!

मॅडम तीन वर्षांनी परत आल्या. पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात जाऊन बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, खुर्ची आत हाये." म्हणाल्या, "असू द्या आबाजी, सवय झाली."

*

आता मुख्य गोष्ट. कोर्टाचा निकाल आला की जुन्या मास्तरांनीही टीईटी पास व्हायची. टीईटी म्हणजे मास्तर व्हायला लायक आहे का, याची परीक्षा. ज्यांच्या रिटायरमेंटला पाच वर्षांहून जास्त उरली, त्यांनी दोन वर्षांत पास व्हावं, नाहीतर घरी!

वानखडे सरांची थोडीच उरली होती. ते खुर्चीत टेकून म्हणाले, "सुटलो बाप्पा! बुढं होन्याचा जन्मात पहिल्यांदा फायदा झाला."

मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि ते सरळ बसले. मॅडम पहिलीच्या पोट्ट्यांच्या पाट्या पुसत होत्या. पुसलेल्याच पाट्या परत पुसत होत्या.

मॅडमचे यजमान अमरावतीला वकील. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "तू काळजी करू नको, आपण अपील करू."

मॅडम म्हणाल्या, "अपील राहू द्या. येताना गाईड आणा."

*

गाईड आलं, पण शिकवणार कोण?

गावात मंगेश आहे. चक्कीवाला. डी.एड. झालेला, टीईटी पहिल्याच झटक्यात पास. बापानं एक एकर विकून शिकवलं. भरती निघते, थांबते, परत निघते, कोर्टात जाते. मंगेशचं वय मात्र कुठं थांबत नाही. अर्ज करायचं वय सरत आलं तरी तो दळणच दळतो. त्याचाही 'अ' मॅडमनीच काढून घेतलेला.

तर आमच्या गावात असा प्रकार झाला की जिला नोकरी आहे तिच्याकडे कागद नाही, आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याला नोकरी नाही. शाळा सुटली की मॅडम चक्कीवर जायच्या. मंगेश पीठ झाडून त्यांना स्टूल द्यायचा. चक्कीच्या आवाजात दोघंही ओरडून अभ्यास करायचे, त्यामुळे सगळ्या गावाला बालमानसशास्त्र पाठ झालं!

एक दिवस मी ज्वारी घेऊन गेलो तर दोघांचं भांडण चाललेलं. मंगेश वाचत होता, "पहिल्या दिवशी मूल वर्गात रडत असल्यास शिक्षकाने प्रथम काय करावे? पर्याय पाहा मॅडम. पालकांस बोलवावे. दुर्लक्ष करावे. रडण्याचे कारण शोधावे. खेळात गुंतवावे."

मॅडम म्हणाल्या, "यातलं एकही नाही."

"कारण शोधावे, मॅडम! तेच बरोबर हाये."

"अरे, आधी नाक पुसावं लागतं! नाक भरलेलं असताना ते कारण सांगेल कसं?"

"पर्यायात नाक नाही नं, मॅडम!"

"मग पर्याय चुकलेत!"

मंगेशनं कपाळाला हात लावला. कपाळ पांढरं झालं. मला म्हणाला, "आबाजी, यायले एवढं येते, म्हूनच या नापास होतीन!"

मॅडम गेल्यावर मी त्याला झापलं. "अबे, तुले अक्कल हाये का? बाई नापास झाली तं एक जागा खाली होते. अन् तूच तिले शिकवून राहिला?"

तो दळणाच्या डब्यावर नाव लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "आबाजी, डी.एड. होऊन एवढे वर्स झाले. एक तं विद्यार्थी भेटली!"

*

मी जे बोललो ते चूक होतं म्हणत नाही. सगळं गाव तेच बोलत होतं. पण गाव मागं बोलत होतं, मंगेशची माय शांताबाई सरळ शाळेत आली.

भर वर्गात. पोट्टी बसलेली. शांताबाईनं पदर खोचला आणि विचारलं, "मॅडम, तुमचे साहेब वकील हायेत नं?"

"हो."

"पोरगी पुन्याले नोकरीवर हाये?"

"हो. काय झालं शांताबाई?"

"मंग तुमी नापास व्हा नं!"

मी बाहेर ओट्यावरून उठलो. वानखडे सर धावत आले. समजावून सांगू लागले, "अवो शांताबाई, असं नसते. मॅडम गेल्या तरी ही जागा मंगेशले भेटन असं नाही. भरती सगळ्या राज्याची हाये. उद्या कोल्हापूरचा कोनी येईन अथी."

शांताबाई म्हणाली, "येऊ द्या नं कोल्हापूरचा! पन रांग तं एकानं सरकन?"

मॅडमनी खाली पाहिलं. म्हणाल्या, "बसा शांताबाई. चहा सांगते." शांताबाई बसली नाही.

त्या दिवसापासून मॅडम चक्कीवर जायच्या बंद झाल्या. शाळा सुटली की सरळ स्कूटी. दोन दिवस झाले, तीन झाले. मग मंगेशच गाईड बगलेत मारून शाळेत आला, भुवयांपर्यंत पीठ. दारातूनच म्हणाला, "मॅडम, मायचं मायपाशी. तुमचं परिसर अभ्यासाचं राह्यलं हाये. उघडा."

मॅडमनी पहिलीच्या वर्गासारखं निमूटपणे उघडलं.

*

परीक्षेचं केंद्र मॅडमनी अकोला टाकलं. म्हटलं, कावून? तर म्हणाल्या, "अमरावतीत सगळे ओळखीचे आबाजी. या वयात परीक्षेला बसलेलं कुणी पाहायला नको."

अकोल्याला जाऊन पाहतात तर निम्मी अमरावती तिथंच! सगळ्यांनी तोच विचार केलेला!

वर्गात सगळे पन्नाशीचे मास्तर आणि मास्तरणी. पर्यवेक्षक म्हणून एक कोवळा पोरगा. तो आत आल्याबरोबर पाच-सहा जण सवयीनं ओरडले, "शांत बसा!" तो बिचारा दारातच शांत उभा राहिला. मग पेपर वाटले. अर्ध्या तासानं मॅडमच्या पुढं बसलेल्या एका टकल्या गुरुजींनी करंगळी वर केली. सगळा वर्ग फिसकन हसला, आणि हसता हसता, मॅडम म्हणतात, आणखी तीन करंगळ्या वर झाल्या!

निकाल सांगून टाकतो, तुम्हाला ताटकळत ठेवायची मला हौस नाही. मॅडम पास झाल्या. काठावर, पण झाल्या. नाकाच्या प्रश्नासारखाच एक आला होता म्हणे. त्यांनी कोणता पर्याय काळा केला ते त्या सांगत नाहीत. निकाल मोबाइलवर मंगेशनंच पाहिला. पाहिला आणि चक्की बंद केली. लाइट असताना चक्की बंद, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. बायका म्हणाल्या, "कोन वारलं?"

मंगेश अजून चक्कीवरच आहे. नवी भरती निघेल म्हणतात.

*

पण परीक्षेच्या दिवसाची खरी गोष्ट अकोल्यातली नाही. सकाळची आहे, अमरावतीच्या स्टँडवरची.

मॅडमना अकोल्याच्या गाडीत बसवून द्यायला वानखडे सर आले होते, मंगेश आला होता. मीही होतो. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. रविवारी डॉक्टर नसतो याची सुनेनं मला आठवण करून दिली होती, पण मी ऐकत नाही.

मॅडम पर्स उघडत होत्या, मिटत होत्या. पेन कोणत्या कप्प्यात ठेवला ते तीनदा पाहून झालं. मंगेश सांगत होता, "येत नसन तं सोडून पुढं जा मॅडम, थांबू नका."

तेवढ्यात आमच्या गावाकडची पुढची गाडी लागली आणि तिच्यातून शांताबाई उतरली. एकटी. हातात कडीचा डबा, पदराखाली झाकलेला. मंगेशचा चेहरा उतरला. तो पुढं झाला, "माय, तू कायले आली? आज काही बोलू नको." तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं. वानखडे सर घसा खाकरायला लागले.

शांताबाई मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली. डबा उघडला. आत दही होतं, वर साखर.

कंडक्टरनं बेल मारली. मॅडमनी दह्याकडे पाहिलं, मग शांताबाईकडे. हळूच विचारलं, "शांताबाई, हे पास व्हायला की नापास व्हायला?"

शांताबाई म्हणाली, "हात पुढं करा. गाडी सुटून राह्यली."