तीन हातांची वाट

रस्ता मागायचा नाही, एवढं आधी ठरलं. चार चाकांची फटफटी घ्यायचं त्यानंतर ठरलं. आणि तिला टायर कोणते, यावरून मी नागपूरच्या शोरूममध्ये दोन तास भांडलो.

माझं शेत पोंभुर्ण्याकडे, नाल्याच्या काठाला. तिथे जायला पांदण होती, सरकारी शेतरस्ता. कागदावर ती अजूनही आहे. माझ्या लहानपणी तिच्यावरून भरलेली बैलगाडी जायची. शेजारच्या शेतमालकाने दर वर्षी नांगराचं एकेक तास, म्हणजे एकेक सरी, आत घातलं आणि पांदण खात खात तीन हातांवर आणली. एका बाजूला त्याची पाण्याने भरलेली धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला नाल्याची घळ, मध्ये ही मातीची पार, बांधाएवढी. ट्रॅक्टर जात नाही, मळणीयंत्र जात नाही. मी तहसीलीत मोजणीचा अर्ज दिला, तेव्हा तो गावात म्हणाला, "अर्ज काऊन करते? माझ्या वावरातून ने म्हणा ट्रॅक्टर. दारी येऊन माग म्हणा, देतो."

दारी येऊन. माझा बाप त्याच्या बापाकडे सालदार होता. दर साली त्याच दारात, चपला बाहेर काढून, तो पुढचं साल मागायचा. मी पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली, जुन्या टायरांचा धंदा केला आणि हे शेत या मालकाच्याच चुलतभावाकडून घासाघीस करून विकत घेतलं. ते त्याला अजून पचलेलं नाही. चार हंगाम आम्ही धान शेतातच हाताने झोडपलं. बायकोने आणि मजुरांनी धानाने भरलेले कट्टे डोक्यावरून सडकेपर्यंत आणले. त्याला इतके दिवस लागायचे की तोवर राहिलेले पुंजणे, कापलेल्या धानाचे ढीग, रानडुकरं उकरून टाकायची. तरी मी त्या दारी गेलो नाही.

शोरूममध्ये मी आधी किंमत विचारली नाही. गाडीसमोर उकिडवा बसलो आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात लावून तिची रुंदी मोजली. अडीच हात.

विकणारा हसला. "काका, टेप देऊ का?"

"राहू द्या. माझी वाट याच हातानं मोजली हाये."

गाडीला बोटभर उंच रबरी गुटक्यांचे टायर होते, राक्षसाच्या दातांसारखे. तो म्हणाला, "हेच चालतात काका. कितीही चिखलात घाला, कुठी अडकणार नाई."

"चिखल उकरून पुढे जाते हा टायर. मले पार उकरायची नाई. पार फुटली त पाणी त्याचं वाहीन अन् पंचायतीत उभा मी राहीन."

त्याला काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. मला बुटक्या, जवळजवळ बसवलेल्या गुटक्यांचे टायर हवे होते, माती न फाडता दाबून जाणारे. आणि कड जाड हवी होती, सहा प्लायची, म्हणजे सहा थरांची. कारण शेजाऱ्याने उरलेल्या पारीच्या काठालाही गेल्या साली तूर लावली होती. तूर विळ्याने तिरपी कापतात, मागे खुंट राहतो तो भाल्यासारखा. माझ्या टपरीवर खिळ्याने जेवढे टायर आले, तेवढेच तुरीच्या खुंटाने आले असतील. खिळा तळव्यात घुसतो, त्याचं पंक्चर निघतं. खुंट कडेला फाडतो. त्याला इलाज नाही.

"ते टायर वेगळे घ्यावे लागतील," तो म्हणाला. "हे काढून तुमाले काय फायदा?"

"हे तुम्ही ठेवा. ज्याले फोटो काढायचा हाये त्याले विका."

मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा त्याने हाक मारली. टायर बदलून मिळाले, छोटी ट्रॉली वाजवी भावात मिळाली आणि चहाही मिळाला. तो मी प्यायलो नाही, माझा राग उतरला नव्हता.

निघताना त्यांच्या मेकॅनिकने बजावलं, "पहिले वीस तास अर्ध्याच्या वर ॲक्सिलेटर नको. ट्रॉली जोडायची नाई. एकाच वेगानं पळवायचं नाई. मग ऑइल बदला, अन् मग काय करायचं ते करा."

अर्धा ॲक्सिलेटर माझ्या स्वभावात नाही. सकाळ-संध्याकाळ मी रिकामी गाडी गावाबाहेरच्या माळावर फिरवू लागलो. लोक वाटेवरून ओरडायचे, "भाऊ, सर्कस कवा हाये?" एक म्हातारा माझ्या बरोबरीने चालत आला आणि म्हणाला, "माझा बैल याच्या पुढे जाते रे." मी दात खाऊन ॲक्सिलेटरवरचा अंगठा आवरला. बायको म्हणाली, "गाडीले वीस तास सांगतले. तुमाले कोणी लहानपणी सांगतले असते त बरं झालं असतं."

बारा-तेरा तास झाल्यावर मी गाडी पहिल्यांदा पारीवर घातली. ती दगडासारखी उडायला लागली. एका वळणावर चाकाने काठ कापला, हातभर माती बांधीत ढासळली. मी उतरून हाताने चिखल थापत होतो, तेवढ्यात शेजारी पलीकडून आला.

"काऊन रे, पार फोडून राह्यला का माझी? पाणी गेलं ना, त पंचायतीत उभा करीन."

मी उरलेला चिखल थापला. घरी येऊन शोरूमला फोन लावला आणि टायर, विकणारा, त्याचं दुकान, सगळ्यांचा उद्धार केला. पलीकडचा मेकॅनिक सगळं ऐकून म्हणाला, "काका, हवा किती भरली?"

"स्कूटरले भरतो तेवढी."

तो हळूच म्हणाला, "टायरवर लिहिलं हाये ना."

मी बॅटरी घेऊन वाकलो. लिहिलं होतं. स्कूटरच्या पाव हिश्श्याइतकीही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाकात हवा भरली, आणि स्वतःच्या गाडीला सवयीने टणक भरून ठेवली. वाचायचं सुचलंच नाही. त्या मेकॅनिकची माफी मी मागितली नाही, पण फोन आपटलाही नाही.

हवा सोडली. टायर जमिनीवर पसरला, बैलाचा खूर चिखलात फाकतो तसा. दुसऱ्या दिवशी तीच पार, तेच वळण. काठाची माती हललीसुद्धा नाही.

वीस तास भरले, ऑइल बदललं, ट्रॉली जोडली. मजुरांनी धान झोडपून कट्टे भरून ठेवले होते. सकाळी उन्हं आल्यावर सुरुवात केली. एका फेरीला चार कट्टे, तुरीच्या खुंटांवरून, अर्ध्या ॲक्सिलेटरवर. आता पळवायला कोणाची मनाई नव्हती, तरी पळवली नाही. शेवटची फेरी सडकेला लागली तेव्हा अजून ऊन होतं. डुकरांसाठी फक्त तणीस, रिकामा पेंढा, उरली होती. बायको रिकाम्या खळ्यावर बसून मानेवरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारी पोलीस पाटलाला घेऊन पारीवर आला. मलाही बोलावलं. त्याला पार कुठे फुटली ते दाखवायचं होतं. दोघे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मातीत चाकांचे ठसे होते, पापडावर लाटण्याचे उमटावेत एवढेच. पोलीस पाटलांच्या वहाणा त्याहून खोल रुतल्या होत्या. त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "इथी त काईच नाई, भाऊ."

शेजाऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. "एवढा खर्च काऊन केला रे? मागितला असता त दिलाच असता ना रस्ता."

"भाऊ, रस्ता तुमचा असता त मागितला असता."

पोलीस पाटील वहाणांचा चिखल झटकायला लागले.

अर्ज तहसीलीत अजून पडून आहे. मोजणी झालेली नाही. परवा शेतात गेलो तर त्याने पुन्हा नांगराचं एक तास आत घातलेलं दिसलं. मी उतरून हात लावून मोजलं. पावणेतीन हात उरली आहे.

माझी गाडी अडीच हाताची आहे.