व्हरांड्यासमोरची गल्ली

"गाठ बघितली का?" असं विचारून मामा उत्तराची वाट न पाहता स्वतःच हात पुढे करत आणि गाठ चाचपत. मग ती बस्त्याची असो, बैलाच्या दाव्याची असो, की माझ्या भाकरीच्या फडक्याची. बीडच्या कचेरीत ते दफ्तरी होते, म्हणजे सरकारी कागदांचे राखणदार, आणि अख्खी कचेरी त्यांना मामा म्हणे. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याचे पाय एका जागी ठरत नाहीत. मामा जेवताना दोनदा उठत. आरती चालू असताना देवळाबाहेर जाऊन चपला आहेत ना ते पाहून येत.

आणि अशा माणसाच्या वाट्याला नोकरी आली ती बसून राहण्याची.

वर्षातून एकदा जिल्ह्याच्या मोजणीचे कागद लाल कापडाच्या बस्त्यात बांधून हैदराबादला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, पोचवावे लागत. जालन्यापर्यंत बैलगाडी, वाटेत शहागडला नावेतून गोदावरी, मग आगगाडी. नावेत सगळे पाण्याकडे बघत, मामा मांडीवर बस्ता घेऊन त्याच्या गाठीकडे. हैदराबादच्या कचेरीत पोचलं की व्हरांड्यात बसायचं. नंबर लागून पोच मिळेस्तोवर दिवस मावळायचा, आणि पोचेबरोबर परत न्यायचे जुने बस्ते गळ्यात पडायचे. अशा सतरा खेपा झाल्या होत्या. बीडमधले लोक त्यांना हैदराबादचे माहितगार समजत. प्रत्यक्षात मामांनी पाहिलं होतं ते स्टेशन, एक रस्ता आणि तो व्हरांडा.

व्हरांड्यासमोर मात्र एक गल्ली होती.

"लोकं रिकाम्या हातानं आत जातेत आन् हसत भायेर येतेत," मामा मला सांगत. "आत काय हाय, तेवढं बघायचं हाय मला."

"आणि चारमिनार?"

"चारमिनार कुठं पळून चाललाय? त्याचं चित्र तरी बघितलंय मी. त्या गल्लीचं कुणी चित्र काढलंय का?"

मामांच्या वजीफ्याचं, म्हणजे पेन्शनीचं वर्ष आलं. शेवटची खेप होती, आणि कचेरीत नवाच लागलेल्या मला काम शिकायला म्हणून त्यांच्याबरोबर दिलं. त्या दिवसापासून त्यांनी बेत आखायला घेतला. मी बस्त्यापाशी बसायचं आणि त्यांनी दिवसभर गल्लीत हिंडायचं, एवढाच तो बेत. पण मामांनी त्यासाठी वाया गेलेल्या तेरा कागदांच्या पाठी भरल्या. गल्लीला फाटा फुटला तर कुठल्या हाताला वळायचं, कुणी काय पाहिजे विचारलं तर काय सांगायचं, सगळं त्यात होतं. एका दुपारी ते कचेरीच्या आवारात एकटेच येरझाऱ्या घालताना दिसले. दोन्ही हात शिपायासारखे हलत होते.

"हे कशाला, मामा?"

"रिकाम्या हातानं चालायचं इसरलोय रं," ते म्हणाले. "जरा सवय करतो."

मला हसू आवरलं नाही. गाठीमागचं खरं कारण मात्र मला शहागडच्या नावेत कळलं. पहिल्याच खेपेला मामांनी जालन्याला पाणी प्यायला बस्ता खाली ठेवला होता. गाठ सैल होती. जिल्ह्यातल्याच शिरूरच्या एका विधवा बाईच्या शेताचा कागद वाऱ्यानं उडाला. नवी मोजणी होईस्तोवर ती बाई दोन वर्षं शिरूरहून बीडला पायी हेलपाटे घालत राहिली.

"माझ्याच घरी जेवायची," मामा म्हणाले. "कधी एक शबुद बोलली न्हाई. बोलली आसती तर लई बरं झालं आसतं."

हैदराबादच्या व्हरांड्यात मी खांबाला टेकून बस्त्यापाशी बसलो. मामांनी धुतलेला कोट घातला होता. ते निघाले आणि लगेच परत आले. "गाठ बघितली का?" बघितली, मी म्हणालो. पुन्हा निघाले, पुन्हा आले. तिसऱ्या वेळी मी चिडलो. "मामा, आता परत आलात तर मी उठून चालता होईन. मग बसा तुम्हीच." ते ओशाळले आणि खरंच गेले. हात हलवत गल्लीत शिरताना मला दिसले. उन्हाचा तडाखा वाढला, आणि मला कधी झोप लागली ते कळलं नाही.

दिवस कलताना मामा आले. चेहरा उजळलेला होता. परतीच्या गाडीत त्यांनी मला सगळी गल्ली सांगितली. पोपट पाळणारा अत्तरवाला, बांगड्यांची भट्टी, नुसता कान लावून घड्याळ दुरुस्त करणारा आंधळा म्हातारा, आणि टोकाला कबुतरांनी भरलेला मनोरा. मग एकदम म्हणाले, "दुपारी डोळा लागलता न्हवं तुझा?" मी खाली मान घातली. तोंडावरून कळलं असेल, असं मला वाटलं.

पुढं बीडच्या पारावर ती गल्ली त्यांनी कितीदा सांगितली असेल, आणि सांगताना दर वेळी उठून उभे राहिले. एका थंडीत मामा गेले. पारावर आम्हाला बरेच दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

नंतर बस्ते टपालानं जाऊ लागले. बऱ्याच वर्षांनी मी माझ्याच कामासाठी हैदराबादला गेलो, रिकाम्या हातानं, आणि आधी ती गल्ली गाठली. सगळं जागच्या जागी होतं. अत्तरवाल्याचे पोपट, भट्टी, मनोरा. घड्याळवाला तेवढा राहिला नव्हता, त्याचा मुलगा बसत होता. मामांच्या शब्दात तसूभर फरक नाही, म्हणून मला फार बरं वाटलं. परतताना गल्लीच्या तोंडाशीच एका चहाच्या दुकानात फळीवर टेकलो. बोलता बोलता बीडचं नाव निघालं.

"बीडके एक बुड्ढे आये थे कभी," म्हातारा दुकानदार म्हणाला. "सुबू से शाम तलक इसी तख्तेपे बैठे. मेरेकू पूछते रहे, आगे क्या है, उसके आगे क्या है. मैं बोल बोलके थक गया. सुनते मेरी, देखते उधर."

त्यानं बोट दाखवलं. समोर व्हरांडा होता, आणि मी टेकून झोपलो होतो तो खांब तिथून अगदी स्वच्छ दिसत होता.

मला स्वतःचा राग आला. मी जागा राहिलो असतो तर मामा उठून पुढे गेले असते का, कोण जाणे. चहा तसाच ठेवून मी उठलो आणि गल्लीत पुन्हा शिरलो. या वेळी मामांसाठी, सावकाश, दोन्ही हात हलवत, थेट मनोऱ्यापर्यंत.