जॅकवर उभे घर

भातकुली तालुक्यातले ते अधांतरी घर अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा तिथला ठाणेदार होतो. गावातला रस्ता दर डांबरीकरणात उंच होत गेला आणि एका निवृत्त गुरुजींचे घर खोलात राहिले. पावसाळ्यात पाणी थेट आत. शेवटी त्यांनी हरियाणाच्या कारागिरांना बोलावले. भिंतींखाली हायड्रॉलिक जॅक लावून घर हळूहळू वर घेतले जात होते. गुरुजींची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, ती आतच होती.

एका सकाळी मागच्या भिंतीचे जॅक गायब झाल्याची तक्रार आली. गुरुजींचा संशय कामगारांवर. गुन्हा दाखल करून मी पंचनाम्याला गेलो. घर जराही कलले नव्हते. जॅक काढण्याआधी प्रत्येकाशेजारी विटा आणि लाकडी ठोकळे घट्ट बसवलेले होते. भंगारात विकायला नेणारा चोर एवढे कष्ट घेत नाही.

दुपारी खबर मिळाली: शेजारच्या ट्रॅक्टर मिस्त्रीच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात लोखंडी सामान आहे. जॅक तिथेच सापडले. मिस्त्रीला ठाण्यात आणले, चहा दिला. तो खाली मान घालून बसला.

"विकायचे होते?"

"नाही, साहेब."

"मग भिंतीला आधार कशाला दिला?"

"गुरुजीची माय आत झोपेल व्हती. तिच्या हातचं खाऊन मोठा झालो मी."

"आणि जॅक?"

त्याने कप खाली ठेवला. "गुरुजीचं घर वर गेलं का सारं पानी माह्या घरात येते. कितीदा सांगतलं त्यायले. म्हने, तू बी घे उचलून. काम थांबलं तर कोनी आयकन, असं वाटलं."

गुरुजींना बोलावून हे ऐकवले. ते म्हणाले, "सांगत होता खरं. मीच हसण्यावारी नेलं."

प्रकरण न्यायालयात गेले आणि तिथे परवानगीने तडजोड झाली. दरम्यान दोन्ही घरांच्या मधल्या जागेतून नाली निघाली. तिचा उतार मिस्त्रीनेच काढून दिला.

तक्रारदाराला आम्ही नेहमी विचारतो, तुमचा संशय कोणावर? त्या प्रकरणानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: तुमच्या एखाद्या कामाने कोणाचे काही बिघडते का? पुष्कळदा लोक उत्तर द्यायला वेळ लावत. तपास मी तिथूनच सुरू करी.