आज घरी काय भाजी?

आमच्या घरी फोन आला तेव्हा मी तिसरीत होते. त्यासाठीचा अर्ज केला तेव्हा बाबांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते आणि आजवर कोणी तपासून पाहिलेलं नाही. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मावला या आमच्या गावी आमची भाजीची वाडी. बाबा माल घेऊन आदिलाबादच्या बाजारात जायचे, आई दिवसभर वाडीत राबायची. फोनची घंटा एकदा वाजली की वांगी देठासकट गळून पडायची आणि तिकडे पार दूरच्या गुडीहत्नूर गावची म्हातारी माणसं झोपेतून दचकून उठायची. हे मी कमी करूनच सांगते आहे.

शाळा सुटली की मी आणि पहिलीतली धाकटी बहीण घरी यायचो, कुलूप उघडायचो आणि आई येईपर्यंत घराच्या मालकिणी व्हायचो. फोनच्याही.

आता आमच्या भागाची एक रीत आहे. कोणी विचारलं, "कोणाची वं तू?" तर नुसतं बापाचं नाव सांगून सुटका नाही. बाप, आजा, आईचं माहेर, मामा काय करतो, मामीचा स्वभाव कसा, यंदा कापूस कसा आहे, सगळं सांगायचं. अर्धवट सांगेल ते पोर शिष्ट. या विषयात मी अख्ख्या मावल्यात पहिली होते. दुसरी होती तीही माझ्याकडूनच शिकलेली.

तर एका दुपारी फोनवर अनोळखी माणूस म्हणाला, "बेटा, घर में कौन है?"

विचारल्यावर सांगायला नको? मी सांगितलं. घरात मी आणि बहीण. बाबा दिवेलागणीला येतात. आई वाडीच्या पार त्या टोकाला, हाक मारली तरी ऐकू जात नाही. किल्ली तुळशीच्या कुंडीमागे असते. कुत्रा भुंकतो, पण चावत नाही. मी कुत्र्याचंही आजोळ सांगितलं असतं, पण तेवढ्यात आई डोक्यावर पालकाची टोपली घेऊन दारात उभी राहिली. तिने झपकन माझ्या हातातून फोन घेतला.

"कोन बोलून राह्यलं?"

पलीकडे कोणीतरी श्वास घेतला आणि फोन कट झाला.

"कोन होता वं?"

"मालूम नाही."

"मंग त्याले किल्ली काऊन सांगितली?"

"त्यानं इचारलं ना!"

आई टोपली घेऊनच उंबऱ्यावर बसली. आई बसलेली मी तोवर फक्त भाकरी करतानाच पाहिली होती, म्हणून मी घाबरले. संध्याकाळी बाबा तावातावाने म्हणाले, "उद्याच फोन काढून टाकतो."

आई म्हणाली, "फोनचं काय चुकलं जी? फोन काढसान तर हे पोट्टी रस्त्यावर सांगन. तोंड तर तेच राह्यते ना!"

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिने कायदा केला. तिने शाळा पाहिली होती ती बाहेरून, पण असा कायदा मी पुढे मोठमोठ्या कचेऱ्यांतही पाहिला नाही.

"फोनवर असो का शाळेच्या दाराशी, कोनी म्हनन मले तुह्या बाबानं पाठवलं. तुमी येकच इचारायचं, आज घरी काय भाजी? आमी ज्याले पाठवू त्याले भाजी सांगूनच पाठवू. नाही सांगितली, तर फोन ठेवून द्यायचा, शाळेत असलं तर बाईचा पदर धरायचा. आन् खरी भाजी कोनाले सांगायची नाही."

भाजी रोज बदलायची, त्यामुळे कालचं उत्तर आज शिळं. पहिले सापडले बाबा. त्यांनी बाजारातून फोन केला.

"आज काय भाजी?" मी विचारलं.

"अवं, मी तुहा बाप हावो!"

"भाजी?"

"वांगी असंन."

मी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा केला, भेंडी म्हणाले. मी पुन्हा ठेवला. पाच वेळा! घरी आल्यावर ते लालेलाल, आणि आई पदरात तोंड घालून हसत होती. "डबा तर तुमीच खाल्ला ना जी? दोडका दिसला नाही काय?"

शाळेत आमच्या बाईंना हे कळलं आणि त्यांनी तो कायदा सगळ्या शाळेला लावला. मग शाळा सुटताना फाटकाशी काय गर्दी! न्यायला आलेला कोणाचा काका, कोणाची मावशी, एकेक जण बाईंच्या कानाशी वाकून भाजीचं नाव सांगतो आहे, बाई पोराकडे पाहतात, पोर मान डोलावतं. एका आजोबांना नातीची भाजी आठवेना, ते दोनदा घरी जाऊन आले.

खरी भाजी मी कोणाला सांगितली नाही. पण गप्प बसायचं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. भाजीवाल्याची पोर, डब्यात रोज पालापाचोळा. म्हणून झाकण आडवं धरून जेवायचे आणि सांगायचे, आज श्रीखंड. आज गुलाबजाम. धाकटीला चिंचेचे गोळे देऊन गप्प ठेवायचे.

एक दिवस बाई वर्गात वह्या आवरत होत्या आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर आलो. स्कूटरवर एक माणूस थांबला होता. पांढरा शर्ट, हसरा चेहरा.

"चलो बेटा, तुमच्या बाबानं पाठवलं. आई बिमार आहे."

धाकटी माझ्या पाठीमागे लपली. मलाही कोणामागे तरी लपायचं होतं, पण ते मी आजवर कबूल केलेलं नाही.

"आज घरी काय भाजी?" मी विचारलं.

तो जास्तच हसला. "भाजी कुठं? आज तर बासुंदी-पुरी!"

धाकटी म्हणाली, "पन ताई, सकाळी तं..." मी तिच्या तोंडावर हात दाबला. सकाळी होती अंबाडी. बासुंदी माझी, मधल्या सुट्टीतली, आडव्या झाकणामागची.

मी धाकटीचा हात धरून फाटकातून आत अशी पळाले, की त्या वर्षीच्या खेळात मला पहिला नंबर द्यायला हवा होता. बाईंचा पदर धरला तो अर्धा फाटलाच. बाई छडी घेऊन बाहेर आल्या तोवर स्कूटर धुरळ्यात गेली होती. हापशीवरच्या माझ्या मैत्रिणीने रडत रडत सांगितलं, "त्यानं मले इचारलं, तिच्या घरी आज काय भाजी म्हनून. मी सांगितलं." विचारल्यावर सांगायला नको? तिला मी काय बोलणार!

तो कोण होता, फोनवरचा तोच का, कधी कळलं नाही. पुन्हा दिसलाही नाही. आई धडधाकट, वाडीत तण निंदत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, तेव्हा तिने मला जवळ ओढलं.

"बासुंदी म्हनून कोनं सांगितलं होतं?"

"मी."

तिचा हात उगारला गेला. मग तो माझ्या डोक्यावर आला आणि कितीतरी वेळ तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आईने पहाटेच दूध आटवायला ठेवलं. डब्यात खरोखर बासुंदी आणि सहा पुऱ्या. मधल्या सुट्टीत मैत्रिणी गोळा झाल्या, "काय आणलं वं आज?"

मी झाकण आडवं धरलं आणि म्हणाले, "अंबाडी."