मधल्या भागातले सतरा जण

माझं आणि गणिताचं नववीत तुटलं होतं. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ते पुन्हा जुळलं आणि त्यापायी आमच्या तेरा जवळच्या नातेवाइकांना नाशिक रोडच्या फलाटावर बसून राहावं लागलं.

झालं असं, की आमच्या जुईची चाचणी होती. नववी, पहिलाच धडा, संच. "बाबा, मला नुसते प्रश्न विचारा," म्हणून तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मी ते दोन तास सोडलंच नाही! महिरपी कंस काढायचा, आत नावं लिहायची, झाला संच! आत आहे त्याच्यासाठी ∈ ही खूण. आत नाही त्याच्यासाठी तीच खूण, फक्त काट मारलेली. सुलटी वाटी ∪ म्हणजे दोन्ही संचांतले सगळे. उलटी वाटी ∩ म्हणजे दोन्हींकडे असलेले तेवढेच. आणि एक घटक दोनदा लिहायचा नाही! अहो, काय सुरेख आहे हे! आमच्या वेळी हे कुणी सांगितलंच नाही. (सांगितलं असेल. मी शेवटच्या बाकावर होतो.)

"वंदना, हे बघ! मी ∈ आपलं घर!" मी बायकोला कागद दाखवला.

"ते असू दे. कचऱ्याची गाडी आलीय, डबा घेऊन पळा आधी."

पण मी आता थांबणार नव्हतो. त्यात आईची पंचाहत्तरी आली, आणि मला आयता विषय मिळाला!

आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मी मामाची मुलगी केलीय. म्हणजे मनमाडचे नानामामा, रेल्वेतून निवृत्त, हे माझे मामा आणि सासरेही. आई ही वंदनाची आत्या आणि सासूही. आमच्या लग्नात तर कोण कुणाकडून आलंय, हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं! त्यामुळे प्रत्येक कार्याला एकाच माणसाला दोन-दोन फोन जातात. वास्तुशांतीला नानामामांना मी फोन केला, वंदनानंही केला. मामा भडकले. "एकदा सांगून कळत नाही, एवढा म्हातारा झालोय का मी?" त्याआधी एकदा नुसता मेसेज पाठवला होता, तर आलेच नाहीत. मामांचा नियम एकच. तोंडानं आमंत्रण, 'सहकुटुंब या' म्हणून, आणि एकदाच.

आईचं मागणंही एकच होतं. "मला केक नको, साडी नको. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळाल ना, तेव्हा माझा नाना माझ्या शेजारी पाहिजे. बास."

"आई, तू निश्चिंत राहा. या वेळी सगळं शास्त्रशुद्ध आहे!" मी म्हणालो.

मी तक्त्याच्या कागदावर दोन वर्तुळं काढली. A म्हणजे माझी माणसं, चाळीस. B म्हणजे वंदनाची, पस्तीस. मधे दोघांची सामाईक, सतरा. कुणालाही दोनदा फोन जाऊ नये म्हणून माझ्या यादीतून ते सतरा काढले. वंदनाच्या यादीतूनही काढले. उरले माझे तेवीस, तिचे अठरा. एकही नाव दोनदा नाही! मला इतका आनंद झाला, की मी यादीचा फोटो काढून ऑफिसात दाखवला.

"माझ्या यादीत अण्णा दिसत नाहीत," वंदना म्हणाली. वडलांना ती अण्णा म्हणते.

"अगं, ते सामाईकमध्ये आहेत. काळजीच करू नकोस!"

तिनं केली नाही. दोघांनी आपापल्या याद्या हातात घेऊन मनापासून फोन केले. केटररला मी एकेचाळीस ताटं सांगितली.

"साहेब, पाच-दहा जास्तीची धरू का?"

"एकही नाही! हे गणित आहे, अंदाज नव्हे!"

मधल्या दिवसांत वंदना एकदा म्हणाली, "अण्णा हल्ली फोनवर नुसतं 'हं' म्हणतात हो. चिडलेत का कशावर?"

"वय झालं," मी म्हणालो.

पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. सोसायटीच्या हॉलमध्ये अकरा वाजता मी पाहुण्यांची डोकी मोजली. एकेचाळीस! न कमी, न जास्त! मला नाचावंसं वाटत होतं. माझ्या काकांचे जुने भाडेकरू आले होते, वंदनाच्या चुलतवहिनीच्या जाऊबाई आल्या होत्या. कणकेचे पंचाहत्तर दिवे ताटांत मांडून तयार होते. आई मात्र दाराकडेच बघत होती.

"सुध्या, नाना कुठंय?"

"गाडी लेट असेल."

भिंतीवर मी हौसेनं चिकटवलेल्या आकृतीसमोर जुई उभी होती. "बाबा, या मधल्यांना फोन कुणी केला?"

"तुझ्या आईनं."

"मी?" वंदना किंचाळली. "तुम्ही म्हणालात, काळजी करू नकोस!"

मी मधला भाग वाचला. नानामामा. मामी. दोन्ही मावश्या. सगळी जिवाची माणसं! शेवटी आई, वंदना, जुई आणि मी. मी स्वतःलासुद्धा बोलावलं नव्हतं! तडक मनमाडला फोन लावला.

"मामा, मी सुधीर."

"कोण सुधीर?"

"मामा, चुकलो! आत्ता आमंत्रण देतो, सहकुटुंब या!"

"वा! साडेअकराला आमंत्रण! मनमाडहून उडत येऊ?"

आईनं ऐकलं. "माझ्या भावाला सांगितलंच नाहीस?" एवढंच म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी जुईनं फोन ओढून घेतला.

"आजोबा, तुम्ही बाबांच्या यादीत होतात आणि आईच्यापण. म्हणून बाबांनी तुम्हाला दोन्हींतून काढलं."

"म्हणजे मी दोघांचा, म्हणून कुणाचाच नाही?"

"हो. बाबांचं गणित कच्चं आहे."

मग फोनमधून आवाज आला, "चाय, चाय गरम!"

"आजोबा, तुम्ही आहात कुठं?"

"नाशिक रोडला, फलाटावर!" मामा गरजले. "नऊ वाजल्यापासून तेरा जण बसलोय! अक्काची पंचाहत्तरी चुकवतोय होय मी? पण बोलावल्याशिवाय पायरी चढायची नाही, म्हणून बसलोय. म्हटलं, आता येईल फोन, मग येईल. सहा चहा झाले!"

आईनं फोन हिसकावला. "नाना, गुमान रिक्षा कर आणि ये!"

"आलो, अक्का."

वीस मिनिटांत तेराच्या तेरा हजर. मामांनी बहिणीच्या खांद्यावर येवल्याची पैठणी टाकली, आई एकाच वेळी हसत-रडत होती, आणि पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळताना नाना तिच्या शेजारीच बसले होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते पुसतोय तोच केटरर कानाशी लागला. "साहेब, एकेचाळीस ताटं संपली. गणित काय म्हणतंय?"

मी स्टीलचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याकडे धावलो. तेरा पाहुण्यांनी मिसळीबरोबर श्रीखंड खाल्लं. माझ्या वाट्याला तर्री उरली, पाव संपले होते. मी पापड बुडवून खाल्ला.

जुईला चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले. आता आमच्या फ्रिजवर तिची नवी आकृती आहे. एकच मोठ्ठं वर्तुळ, आत सगळ्यांची नावं, मधोमध नानामामा. वर्तुळाच्या बाहेर, कोपऱ्यात, एक ठिपका.

"आणि हा कोण गं?" मी कौतुकानं विचारलं.

तिनं ठिपक्याशेजारी 'बाबा' लिहिलं आणि पुढे ∉ काढलं. ही एक खूण मात्र मला आता पुस्तक न बघता वाचता येते!